नोंदणीबाईंची खोटी जनावरं

आमचं सॉफ्टवेअर जनावरांच्या दवाखान्यात बसवलं त्या दिवशी ते नऊला सुरू झालं आणि नऊ पंचवीसला बसलं. बसवणं आणि बसणं या दोन क्रियापदांत किती कमी अंतर असतं, ते मला त्या पंचवीस मिनिटांत कळलं.

मी त्या कंपनीत टेस्टर होते. प्रोग्रामर जे लिहितात ते चालतं की नाही, हे बघणारी. त्यातही हातानं बघणारी नव्हे. आम्ही तपासण्या लिहून ठेवायचो, कॉम्प्युटर त्या आपल्याआपण पळवायचा आणि पास झालेलीपुढे हिरवी खूण करायचा, नापास झालेलीपुढे लाल. आमच्या दोनशे बारा तपासण्या होत्या आणि आदल्या संध्याकाळी दोनशे बाराच्या दोनशे बारा हिरव्या होत्या. मी घरी जाऊन आईला छातीठोकपणे सांगितलं होतं की उद्या काहीएक होणार नाही.

तर नऊ दहाला एक बाई टोपलीत मांजर घेऊन आल्या. त्यांना सात नंबरचं टोकन मिळालं. डॉक्टरांची वाट बघताबघता मांजर बाकाखालीच व्याली, चार पिल्लं झाली. टोकन एक, जनावरं पाच. दवाखान्याच्या नोंदणीबाईंनी पिल्लांची नावं घालायला घेतली, तर कॉम्प्युटर म्हणाला, जन्मतारीख आजच्या आधीची हवी. मागे एक गृहस्थ आजोबांकडून वारशानं आलेला पोपट घेऊन उभे होते. पोपट त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. कॉम्प्युटर म्हणाला, जनावर मालकापेक्षा मोठं असू शकत नाही. त्यांच्या मागच्या माणसाच्या कासवाचं वय तर कुणालाच माहीत नव्हतं. नोंदणीबाईंनी वयाची चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं आणि पडदा पांढराफटक झाला.

तोवर दारापर्यंत रांग गेली होती. अकरा कुत्री एकमेकांना ओळखत नसताना एकमेकांविषयी मतं मांडत होती. नोंदणीबाईंनी कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं, पूर्वी त्यांच्या टेबलाशी येऊन उगाच हुज्जत घालणाऱ्यांकडे त्या जसं पाहत असतील तसं. मग खणातून जुनं रजिस्टर काढलं आणि पाऊण तासात रांग संपवली.

डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याशी अगदी सभ्यपणे बोलले. त्यामुळे जास्तच लागलं.

"तुमचं यंत्र घेऊन जा," ते म्हणाले. "आणि दोन महिने यांनाही घेऊन जा. यांच्या डोक्यात जे आहे ते त्यात घाला आणि मगच परत आणा."

नोंदणीबाई सव्वीस वर्षं त्या टेबलाशी बसत होत्या. सगळा गाव त्यांना नोंदणीबाईच म्हणायचा, भाजीवालासुद्धा. निवृत्तीला सात महिने उरले होते. ठेंगणा बांधा, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि आवाज असा की बोलल्या तर कुत्रा गप्प बसावा आणि मालकही. दुसऱ्या सोमवारी त्या आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा सोबत डबा, पाण्याची बाटली आणि बसायची स्वतःची उशी होती. आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत सात टेबलं, दुसरीत एक लांब टेबल, ज्यावर मीटिंगही होत आणि डबेही उघडत. बहुतेक निर्णय डब्याच्या वेळीच व्हायचे.

आमचा मुख्य प्रोग्रामर हुशार होता, पण कुठल्याही अडचणीवर त्याचं उत्तर एकच, "होऊन जाईल." त्यामुळे सगळे त्याला होऊनजाईलच म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्याला त्यात कौतुक वाटायचं.

मी बाईंना माझ्या शेजारी बसवलं आणि तपासणीसाठी आम्ही वापरत असलेली माहिती दाखवली. पन्नास ओळी होत्या. कुत्रा एक, कुत्रा दोन, असं करत कुत्रा पन्नास. सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा. सगळ्यांचा मालक 'अबक'. सगळ्यांचा फोन नंबर दहा वेळा नऊ. होऊनजाईलनं हे सगळं जेवायच्या आधीच्या अर्ध्या तासात उरकलं होतं.

बाईंनी चष्मा चढवून पन्नासच्या पन्नास ओळी वाचल्या.

"यांना झालंय काय?"

"कुणाला?"

"या कुत्र्यांना."

"काही नाही. ते नुसते टेस्टसाठी आहेत."

"मग दवाखान्यात कशाला आलेत?"

दोनशे बारा हिरव्या खुणांचं रहस्य बाईंनी एका प्रश्नात उलगडून ठेवलं होतं. ठणठणीत, एकाच दिवशी जन्मलेले, एकाच मालकाचे पन्नास कुत्रे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये विनातक्रार येऊन जात होते. त्यात नापास होण्यासारखं होतंच काय?

मग मी त्यांना काम समजावलं. तपासणी सुरू होण्याआधी कॉम्प्युटरला एक खोटं जग मांडून द्यावं लागतं. इतके मालक, इतकी जनावरं, इतक्या भेटीच्या वेळा. तपासणी त्या जगात होते. संपली की सगळं पुसून टाकायचं आणि पुढच्या तपासणीसाठी पुन्हा जसंच्या तसं मांडायचं, म्हणजे एकीचा खरकटा हात दुसरीला लागत नाही. या मांडलेल्या सामानाला आमच्यात फिक्स्चर म्हणतात.

"म्हणजे एक स्वयंपाक झाला की ओटा पुसायचा आणि भांडी जागच्या जागी लावायची," बाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"मग असं सांगायचं. मी सकाळपासून त्या शब्दाला घाबरून बसलेय."

त्या शब्दानं घरी वेगळाच घोळ घातला. बाईंच्या यजमानांनी जन्मभर नळजोडणीचं काम केलं होतं. त्यांच्या दृष्टीनं फिक्स्चर म्हणजे नळ, शॉवर आणि बेसिन. बायकोला कॉम्प्युटरच्या ऑफिसात फिक्स्चर बसवायचं काम दिलंय हे ऐकून त्यांना अभिमानही वाटला आणि काळजीही. पुढचे चार दिवस ते रोज संध्याकाळी विचारायचे, "गळतंय का अजून?" बाई म्हणायच्या, "गळतंय की. एक बुजवावं तर दुसरीकडून." चौथ्या दिवशी त्यांनी डब्यासोबत वॉशरची एक पुडी पाठवून दिली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

बाईंनी कुत्रा एक ते कुत्रा पन्नास यांना रजा दिली आणि स्वतःचा कळप उभा करायला घेतला. आधी कागदावर, मग माझ्या मदतीनं कॉम्प्युटरवर. एका दिवसात फार तर दोन जनावरं व्हायची, कारण प्रत्येकाला काय झालंय, कधीपासून, कुणी आणलं आणि आणणारा किती वेळा खोटं बोलतो, हे ठरल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. खायला काय देता, असं विचारलं की प्रत्येक मालक खोटंच सांगतो, असं त्यांचं सव्वीस वर्षांचं निरीक्षण होतं.

पहिलं भांडण रांगेवरून झालं. डेटाबेसमध्ये मालकाची नोंद आधी झाल्याशिवाय जनावराची नोंद होत नाही, कारण जनावर कुणाच्या तरी नावावर चढवावं लागतं. बाईंना हे मान्य नव्हतं.

"दारातून आधी कुत्रा येतो," त्या म्हणाल्या. "मालक पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. कधीकधी खूप मागे असतो."

"पण बाई, मालकाशिवाय जनावर कसं येईल?" होऊनजाईलनं विचारलं.

"आमच्या गल्लीत एक मांजर आहे. सात घरं तिला जेवायला घालतात आणि सातही घरं म्हणतात की ती आमची नाही. गेल्या वर्षी तिचा पाय मोडला तेव्हा सातही घरांची माणसं तिला घेऊन आली होती. सांगा, कुणाच्या नावावर चढवू?"

"पहिल्या घराच्या नावावर टाका. होऊन जाईल."

"मग बाकीची सहा घरं तुमच्याकडे पाठवते. तुम्ही बोला त्यांच्याशी."

होऊनजाईल दोन दिवस फळ्यापुढे उभा राहून चौकोन काढत आणि पुसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं सॉफ्टवेअरची रचनाच बदलली. एका जनावराला अनेक माणसं चालतील आणि एकही माणूस नसला तरी चालेल. बाईंनी ते मांजर नोंदवलं, नाव ठेवलं पाहुणी, आणि डबा उघडला.

मग वकील आला. वकील म्हणजे पोपट, वय बहात्तर, तिसऱ्या पिढीच्या मालकाकडे. त्याच्यामुळे आम्हाला कळलं की आपण तपासण्यांच्या मध्ये ओटा नीट पुसतच नव्हतो. सॉफ्टवेअरमध्ये जनावर दगावल्याची नोंद करायची सोय होती आणि तिची तपासणी वकिलावर व्हायची. एके सकाळी ती तपासणी हिरवी झाली आणि तिच्या पाठोपाठची लाल. मी कारण शोधत बसले होते. बाईंनी दोन्ही तपासण्यांची नावं वाचली आणि म्हणाल्या, "माझा वकील नऊला मेला आणि नऊ वाजून एक मिनिटानं नखं कापायला आलाय. मधे कुणी पुसलंच नाही." बघितलं तर खरंच. पुसण्याची ओळ लिहिलेली होती, पण ती पळतच नव्हती. पन्नास एकसारख्या कुत्र्यांत कोण मेलं आणि कोण उरलं, हे आम्हाला दोन वर्षांत कधी समजलं नव्हतं.

बाईंना त्यांच्या जनावरांचा लळा लागतोय हे माझ्या लक्षात आलं ते पिल्लाच्या वेळी. एक पिल्लू होतं, वय सत्तर दिवस. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना वेगळी लस देतात, म्हणून त्याच्यावर एक तपासणी बेतलेली. तीन आठवडे ती रोज हिरवी आली. एका मंगळवारी लाल झाली. कुणी काही बदललं नव्हतं. झालं एवढंच होतं की आम्ही पिल्लाची जन्मतारीख लिहून ठेवली होती आणि मधल्या काळात ते बापडं तीन महिन्यांचं झालं होतं.

"मोठं होणारच की ते," बाई म्हणाल्या. त्या थोड्या खूश वाटल्या.

उपाय सोपा होता. ठरावीक तारीख न लिहिता 'आजपासून सत्तर दिवस मागे' असं लिहायचं. मग पिल्लू कायमचं सत्तर दिवसांचं राहतं. मी तसं करून दाखवलं. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"आता याला कधीच दात येणार नाहीत," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

आता घोडा. सगळं घोडं पुढे इथंच अडायचं होतं.

दवाखान्याकडून मालकांना आदल्या दिवशी फोनवर निरोप जायचा होता. 'उद्या सकाळी दहा वाजता तुमच्या अमुक जनावराची तपासणी आहे. येणार असाल तर १ पाठवा, नसाल तर २.' संध्याकाळपर्यंत काहीच उत्तर आलं नाही तर त्या नावापुढे पिवळी खूण उमटायला हवी, म्हणजे नोंदणीबाई स्वतः फोन करतील. या तपासणीसाठी एक विसरभोळी मालकीण हवी होती, जी कधीच उत्तर देत नाही. बाईंनी तिला घोडा दिला, पाय मुरगळलेला. खऱ्या दवाखान्यात घोडा वर्षातून एखादाच यायचा आणि बाईंना त्याची जरा हौस होती. बाकीच्या मालकांची फोनची चौकट रिकामी ठेवली तरी चालत होतं, हिला मात्र नंबर हवाच होता.

दहा वेळा नऊ आता चालत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी आक्षेप घेतला होता की असा नंबर कुणाचा असतो, आणि होऊनजाईलनं असले नंबर सॉफ्टवेअरलाच नाकारायला शिकवलं होतं. मी जेवायला गेले होते तेवढ्यात बाईंनी आपल्या मनानं एक नंबर घातला. त्यांना पाठ असलेले नंबर दोनच होते. एक स्वतःच्या घरचा, दुसरा धाकट्या नणंदेचा. स्वतःचा घालणं त्यांना बरं दिसलं नाही. आणि निरोप खरंच कुठे जाणार असतात का, असं त्यांनी होऊनजाईलला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "छे, टेस्टमध्ये निरोप कुठेच जात नाही. ते बंद करून ठेवलंय." म्हणजे बंद करायचं त्याच्या मनात होतं. पहिल्या महिन्यातच तो म्हणाला होता की होऊन जाईल.

तपासणीत एक दिवस पाच मिनिटांचा केला होता. निरोप गेला, पाच मिनिटं गेली, पिवळी खूण आली, हिरवं. दुपारी तीनला पहिल्यांदा पळवली तेव्हा पहिल्या झटक्यात पास झाली. आम्ही चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल. पुन्हा पळवली, लाल. दुपारी हिरवी. संध्याकाळी लाल. आमच्या धंद्यात नापास तपासणीचं एवढं वाईट वाटत नाही, ती निदान प्रामाणिक असते. कधी पास आणि कधी नापास होणारी माणसाला वेड लावते. आणि कुणीही प्रोग्राममध्ये काही बदललं की सगळ्या तपासण्या आपोआप पळायच्या. म्हणजे दिवसाकाठी तीसेक वेळा.

होऊनजाईलनं तीन दिवस त्यात घातले. घड्याळ तपासलं, पुसण्याची ओळ तपासली, पाच मिनिटांची दहा केली. त्यानं प्रकार आणखी बिघडला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बहुतेक मशीनच तापतंय." त्याच्या तोंडून 'होऊन जाईल' निघेनासं झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना मनातून भीती वाटली.

बाई या भानगडीपासून लांब होत्या, त्यांचं एका सशाचं आणि दोन बकऱ्यांचं काम चालू होतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला.

"लाल कधी झालं आणि हिरवं कधी, वेळा सांगा."

मी चार दिवसांच्या वेळा वाचून दाखवल्या. त्यांनी रजिस्टरसारख्या दोन रकान्यांत त्या लिहून घेतल्या. सकाळी साडेआठपासून एकपर्यंत लाल. एक ते चार सगळं हिरवं. चारनंतर सातपर्यंत लाल. गुरुवारी मात्र दहा ते बारा मधेच हिरवं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला.

"एक ते चार," त्या म्हणाल्या, "ही आमच्या वन्संची झोपायची वेळ आहे."

मला काही कळेना. होऊनजाईल खुर्चीतून अर्धा उठला.

"आणि गुरुवारी दहाला आमचे हे त्यांना चष्म्याचा नंबर काढायला घेऊन गेले होते. बाहेर जाताना त्या फोन घरीच ठेवतात." बाईंचा आवाज बारीक झाला. सव्वीस वर्षांत तो कुणी असा ऐकला नसेल. "मी घोड्याला त्यांचा नंबर दिलाय हो."

निरोप खरोखर जात होते. रोज तीस. आणि वन्सं म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी कुणाच्या पत्राला, निरोपाला, शुभेच्छापत्राला उत्तर द्यायचं बाकी ठेवलं नाही, अशी बाई. प्रत्येक निरोपाला त्या इमानदारीनं '२' पाठवत होत्या. उत्तर आलं की पिवळी खूण उमटत नव्हती आणि आमची तपासणी नापास होत होती. विसरभोळ्या मालकिणीच्या जागी बाईंनी गावातली सर्वांत तत्पर बाई बसवली होती.

"पण त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत?" मी विचारलं.

"आमचं पंधरा दिवस बोलणं नाही. शिडीवरून."

कुणाची शिडी, ते मी विचारलं नाही. यजमानांना फोन लावला तर ते म्हणाले, "हो, ती म्हणत होती घोड्याचं काहीतरी. मला वाटलं टीव्हीवरचं असेल."

होऊनजाईलनं सगळ्यात आधी निरोपांची तार तोडली. या वेळी खरोखर, आमच्यादेखत. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दवाखान्याच्या खऱ्या रजिस्टरमधले चार हजार नंबर पुढच्याच आठवड्यात आमच्या टेस्टच्या मशीनवर चढवायचे असं ठरलेलं होतं. ते चढले असते तर चार हजार घरांना रोज तीस निरोप गेले असते, आणि एकालाही कळलं नसतं की आपल्या जनावराला नक्की झालंय काय.

त्या संध्याकाळी बाईंनी मला सोबत नेलं. "परक्या माणसासमोर त्या जरा कमी बोलतात," त्या म्हणाल्या. हा अंदाज चुकला.

वन्सं दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरच्या घरात राहायच्या. दार उघडून त्यांनी आधी भावजयीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्हाला बसवलं. पाणी दिलं. बाईंनी सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. वन्संनी उठून फोन आणला.

"एकशे सतरा," त्या म्हणाल्या. "एकही पुसलेला नाही. वहिनी, पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून आलाय. मी सरळ लिहून पाठवलं, माझ्याकडे घोडा नाही. तर उलट निरोप आला, फक्त १ किंवा २ पाठवा. म्हणून मग २ पाठवत गेले."

"बंद करून ठेवायचा ना फोन."

"आणि कुणाचा खरा घोडा असला तर? तो तिकडे पाय धरून उभा, आणि निरोप माझ्याकडे." त्यांनी आवाज खाली आणला. "बुधवारी मी एकदा १ पाठवून पाहिलं. म्हटलं, निदान त्याची तपासणी तरी होऊ दे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उद्या सकाळी दहा. त्याचं उद्या काही येतच नाही. मग मी दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे घोडा नाही, आणि नोंदणीबाईही नाहीत."

बाई मान खाली घालून पेल्याकडे बघत होत्या. त्या हसू दाबतायत की रडू, मला कळेना. मी स्वतःचं कसंबसं दाबलं होतं.

"गल्लीत सगळ्यांना सांगितलंय मी," वन्सं म्हणाल्या. "समोरचे पोस्टमन रोज विचारतात, ताई, घोडा काय म्हणतोय? आता त्यांना काय सांगू, माझ्या वहिनीनं बनवलाय म्हणून?"

"चुकलं माझं, वन्सं."

"चुकलं तर आहेच." मग त्यांनी विचारलं, "कुठला पाय?"

"अं?"

"मुरगळलेला. पुढचा की मागचा?"

"मागचा डावा," बाई लगेच म्हणाल्या. त्यांनी ते ठरवून ठेवलेलं होतंच. पुढचा अर्धा तास दोघी घोड्याविषयी बोलल्या. वय किती, पाय कशानं मुरगळला, चढावर की उतारावर. निघताना वन्सं म्हणाल्या, "माझं नाव आणि नंबर दोन्ही उद्याच्या उद्या काढून टाका. आणि शिडी मागच्या दाराशी आहे, घेऊन जा." शिडीचं एक टोक बाईंनी धरलं, दुसरं मी, आणि संध्याकाळच्या गर्दीत दोन गल्ल्या आम्ही ती आडवी नेली.

नंबर काढला. नियम केला की खऱ्या जगातलं काहीही आत आणायचं नाही, आणि होऊनजाईलनं तो मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला. त्याखाली बाईंनी पेननं लिहिलं, नातेवाईकही.

दहा-बारा दिवसांनी बाई ऑफिसात आल्या त्या फुगलेल्या. वन्सं रुसल्या होत्या. का, तर निरोप बंद झाले आणि त्यांना कुणी काही कळवलं नाही. "मालकीण म्हणून माझं नाव काढलंत ते ठीक," असं त्यांचं म्हणणं होतं, "पण घोडा बरा झाला की नाही, एवढं तरी माणसानं सांगावं." बाईंनी त्यांना समजावलं की घोडा बरा होऊ शकत नाही. तो बरा झाला तर तपासणी नापास होईल. रोज तीस वेळा त्याचा पाय नव्यानं मुरगळावाच लागतो. हे ऐकून वन्सं म्हणाल्या की असल्या नोकरीत त्या एक दिवस टिकल्या नसत्या.

कळप एकतीस जनावरांवर थांबला. ती एकतीस मांडून तपासण्या पळवल्या तेव्हा दोनशे बारापैकी एकशे नव्वद लाल झाल्या. मला रडू यायला हवं होतं, पण एवढा खरा निकाल मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. त्या हिरव्या करायला पुढचे सात आठवडे गेले. दोन महिन्यांचे चार झाले, डॉक्टरांनी कुरकुर केली नाही.

दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा बाई स्वतःच्या टेबलाशी होत्या, मी बाजूच्या स्टुलावर, आणि होऊनजाईल दाराजवळ उभा होता, पळून जायला सोपं पडेल असा. नऊ वाजले. नऊ पंचवीस झाले. दहा वाजले. एका मांजराचे दोन मालक भांडत आले, दोघांचीही नावं चढली. वय माहीत नसलेलं कासव आलं, गेलं. साडेदहाला एक माणूस लाकडी पेटी जपून घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. पेटी गुणगुणत होती.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"मधमाश्या. दोन दिवस सुस्त आहेत."

"किती?"

"असतील वीसेक हजार."

होऊनजाईलनं भिंतीला हात टेकला. संख्येच्या चौकटीत तीनच आकडे मावतात, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. बाईंनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माणसाकडे, आणि शांतपणे टाइप केलं. जनावर, मधमाश्यांची पेटी. संख्या, एक.

"एक?" माणसानं विचारलं.

"उचलून आणलीत किती?"

"एक."

"मग एक. बसा, नंबर येईल."

पडदा पांढरा झाला नाही.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता दीड वर्ष होईल. आठवड्यातून दोन दिवस त्या आमच्याकडे येतात. आम्हाला नवीन काम मिळालं की खोटी माणसं मांडायचं त्यांच्याकडेच जातं. गेल्या महिन्यात पोहण्याच्या तलावाच्या नोंदणीचं काम आलं. नव्या प्रोग्रामरनं उत्साहानं पन्नास सभासद तयार करून दाखवले, सगळे तरुण, सगळे निरोगी, सगळे सकाळी सहाला येणारे.

बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली.

"यात पाण्याला घाबरणारे किती?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, बाई. घाबरणारे कशाला येतील?"

"बायकोनं पाठवलेले," बाई म्हणाल्या आणि लिहायला घेतलं.